साडू बारीक झाल्याचं दुःख

माझे साडू बारीक झाले आणि मला अतिशय वाईट वाटलं.

दुसऱ्या कुणाचे साडू बारीक झाले असते तर मी त्यांचं कौतुक केलं असतं. पण वसंतअण्णा माझे साडू! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, मालतीअक्कांचे यजमान. ते चामराजपेटेत राहायचे, आमच्या सासुरवाडीपासून दोन गल्ल्यांवर, आणि आम्ही मल्लेश्वरमला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघे जावई वजनाने अगदी तुल्यबळ होतो. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफर आम्हाला रांगेच्या दोन टोकांना उभं करायचा. (एकाच बाजूला ठेवलं तर फोटो कलंडेल, अशी त्याला भीती वाटत असावी!) सासऱ्यांनी आमच्याखातर वेताच्या खुर्च्या मोडीत काढून सागवानी बाक करून घेतला होता. गौरीच्या जेवणाला आम्ही शेजारी शेजारी बसायचो. अण्णांनी नऊ होळिगे (म्हणजे आमच्याकडच्या पुरणपोळ्या) खाल्ले की मी दहावा मागायचो, मी दहावा मागितला की अण्णा अकराव्यासाठी पान सरसावायचे. काय दिवस होते!

एका घरात दोन जावई जाड असले की कुणीच जाड नसतं, ते त्या घराचं वळण असतं. एकच उरला, की तो जाड!

त्या वर्षी गौरीला अण्णा आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. सदरा अंगात घातल्यासारखा नव्हे, खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. गालांना हाडं होती. मानेला मान होती!

"अय्यो, वसंतराव, कित्ती छान दिसताय हो!" सासूबाई दारातच ओरडल्या.

मी त्यांच्यामागूनच आत आलो. सासूबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "या. बाकावर बसा."

पंगतीत दुसऱ्याच होळिग्याला अण्णांनी पानावर हात आडवा धरला. "पुरे." सगळी पंगत थक्क. "काय संयम!" सासरे म्हणाले. "काय निग्रह!" मेहुणा म्हणाला. मी तेव्हा सहाव्यावर होतो. तो सहावा माझ्या घशात तसाच अडकला. (सातव्याने खाली ढकलावा लागला.)

घरी परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, तोंड उघडलं.

"अहो, अण्णांकडे पाहिलंत?"

"पाहिलं."

"नुसतं पाहून काय उपयोग?"

 

खरा घाव पुढच्या आठवड्यात बसला. मालतीअक्कांनी एक पिशवी पाठवली. आत अण्णांच्या चार जुन्या पँटी! सोबत चिठ्ठी: 'यांना आता फार सैल होतात. गोपाळरावांना येतील.' मी त्या पँटी फेकून देणार होतो, पण माणसाला कुतूहल असतं. दार लावून घेऊन एक चढवली.

बटण लागेना!

माझ्या साडूला सैल होणारी पँट मला घट्ट! म्हणजे आम्ही तुल्यबळ होतो हासुद्धा माझा गैरसमजच. इतकी वर्षं मी आघाडीवर होतो आणि कुणी मला सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी डाएट सुरू केलं. सकाळी काकडी, दुपारी कोशिंबीर, आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याउभ्या दोन मसाला दोसे. (उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही, असं मी ठरवलं होतं.) महिन्याभरात दीड किलो वाढलं. शेवटी अभिमान गिळून मी अण्णांनाच फोन केला.

"अण्णा, नेमकं काय केलंत?"

"काही नाही रे. असंच."

असंच! काही न करता! अशा वेळी माणसाला जो जळफळाट होतो, तो कुठल्याही गोळीने शमत नाही. काहीतरी औषध असणार, आणि हा माणूस ते एकटाच खातोय, याविषयी माझी खात्री झाली. सुमनकडून बातमी काढली तेव्हा कळलं, की अण्णा दर बुधवारी काही न खातापिता सकाळी सातलाच घराबाहेर पडतात. अक्कांना सांगतात, ऑफिसात काम आहे.

बुधवारी! उपाशीपोटी! मी रजा टाकली.

पाठलाग किती वेळ चालेल याचा नेम नव्हता, म्हणून आधी दोन लोणी दोसे खाऊन घेतले. मग अण्णांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी करून बसलो. सातला अण्णांची स्कूटर निघाली.

"आ स्कूटर हिंदे होगप्पा!" त्या स्कूटरच्या मागे चल बाबा, असं मी रिक्षावाल्याला म्हणालो.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "यारु सार अवरु?"

कोण आहेत ते, याला काय सांगणार? साडूला कन्नडमध्ये म्हणतात ते म्हणालो, "षड्डक."

"षड्डकना!" तो म्हणाला आणि त्याने असा काही वेग घेतला, की त्यालाही एक असावा!

स्कूटर गांधीबझारजवळच्या एका गल्लीत थांबली. अण्णा एका छोट्या दवाखान्यात शिरले. मी पाच मिनिटांनी आत डोकावलो तर बाकांवर सात माणसं, आणि त्यातली पाच माझ्यासारखी! मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. हेच ते ठिकाण! अण्णा पडद्यामागे गेलेले दिसले. मी टेबलाशी बसलेल्या नर्सबाईंच्या कानाशी लागलो.

"आत्ता आत गेले ना, त्यांना जे करता तेच मला करा."

"तेच?"

"तेच. जमलं तर थोडं जास्त."

"तिंडी आयता?" त्यांनी विचारलं. म्हणजे नाश्ता झाला का?

वजन कमी करायला आलेल्या माणसाने काय सांगावं! "स्वल्प," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या दंडाला रबरी नळी आवळली आणि सुई टोचून रक्त काढलं. मला वाटलं, रक्त काढूनच वजन उतरवत असणार. इतका साधा उपाय! "अजून घ्या, संकोच करू नका," मी म्हणालो. मग त्यांनी हातात एक रिकामी बाटली दिली. औषध मिळणार म्हणून मी ती दोन्ही हातांनी पुढे धरून उभा राहिलो. नर्सबाईंनी कपाळावर हात मारला आणि मागच्या संडासाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात पडदा सरकला. कोपरात कापूस दाबून धरलेले अण्णा बाहेर आले, आणि मला तसाच बाटली घेऊन उभा पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"गोपाळ! तुलाही?"

"मलाही काय?"

"शुगर."

आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. अण्णांनी बिनसाखरेची कॉफी मागवली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंगतीतला संयम, निग्रह, खुंटीवरचा सदरा, सगळंच. दोन महिने ज्याच्यावर जळत होतो तो या माणसाचा आजार होता.

"अक्कांना माहीत नाही?"

"कुणालाच नाही. गोळ्या दिल्यात डॉक्टरांनी. पण साखर ताब्यात आली की वजन थोडं परत येईल, म्हणाले. म्हणून मी एक दिवस घेतो, दोन दिवस नाही घेत."

"अण्णा, वेड लागलंय का तुम्हाला?"

ते कपात बघत राहिले. "शाळेत मला पिंप म्हणायचे रे. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला छान दिसतोस म्हणालं. त्या दिवशी आरशासमोर मालती माझ्याकडे बघून लाजली, गोपाळ! आता हिला काय सांगू? हे रूप नव्हे, रोग आहे?"

पिंप मलाही म्हणायचे. (पिंपाच्या आधी एक विशेषणही होतं!) आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांचा हात हातात घेतला. "रविवारी सासूबाईंकडे सगळे जमणार आहेत, तेव्हा सांगून टाका. मी बरोबर आहे."

"नक्की?"

"नक्की."

शुक्रवारी माझा रिपोर्ट आला. लोणी दोशांचा दोष नको म्हणून डॉक्टरांनी शनिवारी उपाशीपोटी पुन्हा तपासलं. साखर निघालीच, तीही बरीच वर. पण खरं सांगतो, दवाखान्यातून बाहेर पडताच मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे अण्णांना फोन.

"तुमची किती?"

"दोनशे दहा."

"माझी दोनशे साठ!" मी ओरडलो. फोनच्या बूथबाहेर उभी असलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. लॉटरी लागलेला माणूस ज्या आवाजात बोलतो, तो आवाज निघून गेला होता.

रविवारी अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मालतीअक्कांनी आधी हंबरडा फोडला आणि मग, "गोळ्या चुकवल्यात तर बघा!" म्हणून त्यांचा दंड असा धरला, की तो आता जन्मभर सुटणार नव्हता. सासऱ्यांनी पाठीवर हात ठेवला. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तरीच हो वाळलात! एवढं दुखणं आणि चेहऱ्यावर हसू! केवढा धीर!" सुमनसुद्धा मुसमुसत होती. अण्णांना उशी आली, पंखा त्यांच्याकडे वळला, मेथीचं पाणी आलं.

मी बाकावर एकटा. पाच मिनिटं वाट पाहिली, दहा मिनिटं पाहिली. शेवटी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "अहो, मलाही आहे! अण्णांपेक्षा पन्नासने जास्त आहे!"

सासूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. (वेळ लागला.)

"तुमच्याकडे बघून वाटत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा अण्णांकडे वळल्या.

त्यांचं तरी काय चुकलं! मेला मधुमेहसुद्धा अण्णांनाच शोभून दिसत होता.