फोर-केमध्ये अडकलेलं गणित

मित्रांनो, आज सकाळी पूजा आटोपली आणि उद्याच्या पेपरसाठी गणिताचा व्हिडिओ फोर-केमध्ये, म्हणजे सगळ्यात स्पष्ट पण जड फाईलमध्ये, एक्स्पोर्ट करून आमच्या लातूरच्या क्लासच्या अ‍ॅपवर टाकला. मुलांना द्यायचं तर उत्तमच द्यावं, असं वाटलं.

दुपारी कंधारकडच्या खेड्यातून शबाना या विद्यार्थिनीचा फोन.

"सर, तुमच्या कपाळावरचं गंध लई साफ दिसून राहिलंय. पण हितं नेट कमी, अर्धा तास झाला, चित्र तिथंच अडकलंय."

"मग हलक्या क्वालिटीत, चारशे ऐंशीवर टाकू?"

"मागं टाकलं होतं की. तीन कोणता अन् आठ कोणता, कळत न्हाई."

तुमचंही असं होतं का? मला गावच्या शाळेतले गुरुजी आठवले. शेवटच्या रांगेसाठी ते वीतभर अंक काढायचे.

फळा पुसला, तसेच अंक काढून पुन्हा शिकवलं आणि आत्ताच चारशे ऐंशीवर टाकलं.