पूनमचा प्रोसेसर ओपनमध्ये

मंडळी, सकाळपासून जिवाला घोर होता. यवतमाळला शिकणारी माझी नात पूनम कामाप्रमाणे आतली रचना बदलणारा प्रोसेसर तयार करते. उद्या कॉलेजात दाखवायचा, आणि तो चालेना.

दुपारी तिचा फोन आला. "आबा, डिझाइन ओपनमध्ये टाकलं होतं."

मी घाबरलो. "अवं, आपल्याले कॅटेगरी असून ओपनमध्ये काहून टाकलं? नंबर लागन का?"

ती हसत सुटली. "जातीचं ओपन नाही, आबा! नेटवर सगळ्यायले खुलं."

"मंग कोणी चोरलं त?"

"चोरते कायले? एका अनोळखी माणसानं चूक शोधून दुरुस्त करून देली. आता मस्त चालून राह्यला."

माझे डोळेच भरून आले. पूनमलाही त्या भल्या माणसाचं खरं नाव ठाऊक नाही. मग आशीर्वाद कोणाच्या नावानं देऊ, सांगता का?