नकाशाखालचा आकडा

जेसल पार्कातल्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात एक बाई आहेत, आणि त्यांच्या मते जगातली निम्मी भांडणं नकाशावर स्केल न लिहिल्यामुळे होतात. उरलेली निम्मी चुकीचं स्केल लिहिल्यामुळे. बाई समुद्रकाठच्या उत्तनच्या. डब्यात सुकट आणि तोंडात हा एकच विषय. लग्नपत्रिकेमागचा नकाशाही त्यातून सुटत नाही. एकदा काशीमीऱ्याच्या हॉलचा रस्ता पत्रिकेवर बोटभर दिसला म्हणून त्या रेशमी साडीत चालत निघाल्या आणि पोचल्या तेव्हा शेवटची पंगत उठत होती. नवरीच्या हातात आहेर ठेवत म्हणाल्या, "स्केल न्हाय टाकलं तुम्ही."

पूर्वी आम्ही छपाईच्या पानावर 'एकास पन्नास हजार' असं हाताने टाइप करायचो, म्हणजे कागदावरच्या एका सेंटीमीटरला जमिनीवर अर्धा किलोमीटर. मग कोणीतरी नकाशा लहानमोठा करायचं आणि आकडा जुनाच राहायचा. बाईंनी हे पाहिलं आणि आमचं जगणं हराम केलं. एकेकाच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी तो आकडा नकाशालाच जोडायला शिकवला. नकाशा ओढून लहानमोठा केला की आकडा आपोआप बदलतो. "हातानं लिहिलेला आकडा म्हणजे थाप हाय," हे त्यांचं मत. मी गमतीने विचारलं, "बाई, सगळ्यात चांगलं स्केल कुठलं?"

"एकास एक. पण त्याला कागद लागत न्हाय, पोरी. माणूस समोर उभा असतो."

बाईंचे मिस्टर मालवाहू जहाजावर असतात. रोज सकाळी ते फोनवरून जहाज कुठे आहे ते कळवतात, आणि बाई पानाच्या एका कडेला उत्तन, दुसऱ्या कडेला जहाज असा नकाशा बसवून, छापून टेबलासमोर चिकटवतात. जहाज जितकं लांब, तितका खालचा स्केलचा आकडा मोठा. मिस्टर कधी येणार, असं कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो, "आज किती?" उत्तर कोटींत आलं की बाईंशी कामापुरतंच बोलायचं.

गेल्या नाताळाआधी आकडा भराभर उतरत होता. साठ लाखांना बाईंनी केस रंगवले, वीस लाखांना आम्हा सगळ्यांना नाताळची गोड कुलकुलं वाटली. आणि मग कंपनीने जहाज वाटेतूनच आफ्रिकेकडे वळवलं. आकडा पुन्हा चढू लागला. बाई रोज नकाशा चिकटवत राहिल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी त्या चहाला गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. या कडेला उत्तन, त्या कडेला आफ्रिकेपाशी जहाज, मधे नुसता निळा समुद्र. आणि खाली, नकाशाशी असलेली जोडणी तोडून, बाईंनी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं: एकास एक.

चुकीचं स्केल ज्याला दिसेल त्याने तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, हा बाईंनीच घालून दिलेला नियम. त्यांच्या टेबलासमोर आता पुन्हा रोज नवे नकाशे लागतात, आकडे आपोआप बदलतात. तो एक कागद मात्र अजून तिथेच आहे, आणि सगळ्यांनी पाहूनही त्याला कोणी हात लावलेला नाही.