नुसती दाढ

आज सकाळच्या थंडीत आमची घोडी चांदणी फुरफुरली. दोन्ही नाकपुड्यांतून सारखीच वाफ निघाली, आणि मी बघतच राहिले.

गेल्या महिन्यात तिच्या डाव्या नाकपुडीतून घाण वासाचा पू येऊ लागला होता. माझे सासरे, आबा, घाबरले. ग्लँडर्स, म्हणजे घोड्यांचा तो पसरणारा जीवघेणा रोग, निघाला तर घोड्याला मारावंच लागतं. त्यांनी तिला इतर घोड्यांपासून लांब बांधलं.

रक्ताच्या तपासणीत तो रोग निघाला नाही. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात बॅटरी धरून नीट पाहिलं.

"आबा, वरची दाढ किडलीय. तिचा पू गालाच्या हाडातल्या पोकळीत साठलाय. दाढ काढू, पोकळी धुऊ. बरी होईल."

"म्हणजे नुसती दाढ?" आबा हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

किडक्या दाढेचा एवढा आनंद कुणाला झाला असेल! भीती मोठी असली की लहानसं दुखणंसुद्धा किती आपलं वाटतं.

दाढ काढली त्या संध्याकाळी आबा चांदणीजवळ गेले, तिच्या मानेवर गाल टेकला आणि म्हणाले, "बाई गं, आधी सांगायचंस ना."