कंट्रोल ट्यूबमधलं दही

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी तालुक्यातल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. उद्या भूत समोर उभं राहिलं तरी मी आधी त्याचा स्वॅब घेईन... तरीही हे लिहितेय, कारण ते मनातून जातच नाही.

आमचं घर जुन्नर तालुक्यात, निमगाव सावाला. आईचं माहेर शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगाव. लग्न होऊन येताना तिनं पितळी पेल्यात विरजण आणलं होतं आणि पुढे चाळीस वर्षं तेच चालवलं. दही घट्ट, गोडसर — सुरीनं कापावं असं! शाळेतून आले की मी आधी वरची साय पळवायचे. आई पाठीत धपाटा घालायची आणि मग स्वतःच वर साखर भुरभुरायची. काय दिवस होते ते.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दहाव्याला घर धुवायची आमच्याकडे रीत. मी पदर खोचला आणि दिसेल ते भांडं कढत सोड्याच्या पाण्यानं घासलं. विरजणाचं भांडं पालथं घातल्यावर लक्षात आलं... वर्गात पोरांना कल्चर, म्हणजे जिवंत जंतू, जपायला शिकवणारी बाई मी, आणि आईचं कल्चर मोरीत ओतून मोकळी झाले! लाज वाटली. कुणालाच सांगितलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यानंतर पानातलं दही बाजूला सारू लागले.

आईनं गावभर विरजण वाटलेलं. शेवटी यंदा पाच घरांतून वाट्या मागून आणल्या. अण्णा बोटभर चाखायचे आणि मान हलवायचे.

"चांगलं हाय. पर ही तिची चव नाय."

शेजारच्या सुमनकाकू हसल्या. "आगं, मधी इरजण नासलं, तवा डेअरीचं पाकीट आणलं व्हतं आमी. तिचं कुठलं ऱ्हायलंय आता!"

मी हट्टाला पेटले. पाचही नमुने लॅबमध्ये नेले. आईच्या दह्यातला एखादा जंतू त्यात तग धरून असेल तर वेगळा काढायचा होता. नमुने पातळ करून प्लेटवर पसरले, उगवलेल्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, उचलून निर्जंतुक दुधाच्या पाच ट्यूबमध्ये टाकल्या. सहावी ट्यूब कंट्रोल — नुसतं दूध, त्यात काहीच टाकायचं नाही. ते होतं तसंच राहायला हवं.

दुसऱ्या दिवशी पाचांत दही कसंबसं लागलेलं, पाणचट. आणि सहावी? आडवी केली तरी हलेना. झाकण काढलं. आईच्या दह्याचा वास! स्लाइड केली — जांभळ्या गोल जंतूंच्या माळा, अधूनमधून काड्या. पेरॉक्साइड टाकलं, इतर बऱ्याच जंतूंवर येतात तसे बुडबुडे नाहीत. म्हणजे दह्याचेच जंतू.

कंटॅमिनेशन म्हणाल. मीही तेच म्हणाले. पण शेजारच्या ट्यूबमधून काही उडालं असतं, तर दही त्या पाचांसारखंच व्हायला हवं होतं ना? नंतर तशा कंट्रोल ट्यूब कितीतरी लावल्या, एकीतही दही लागलं नाही. उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

पण त्या दिवशी मला उत्तर नको होतं, दही हवं होतं. लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही, हा नियम मी पोरांना ओरडून सांगते. तोच मोडला. घरी नेऊन दुधाला लावलं, आधी स्वतः खाल्लं, दोन दिवस थांबले, मग काही न बोलता अण्णांच्या पानात वाढलं.

पहिला घास घेऊन ते थांबले. मग सावकाश सगळं दही संपवलं.

"तू भांडं घासलंस ना, तवा लई राग आला व्हता तुझा," खाली बघतच म्हणाले. "दहा दिस मी हातानं दूध लावून जगवलं व्हतं ते."

दोन वर्षं या माणसानं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. माझे डोळे नुसते वाहू लागले.

अण्णांनी वाटी पुढे केली. "रडू नकं, पोरी. वाढ आजून."