उंबराची मेढ आणि आमची खिसणी

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर होतो. खांदेश्वरजवळचा एक मोठा प्लॉट झाडंझुडपं काढून साफ करून द्यायचा, एवढंच आमचं काम. बाभळी, घाणेरी, एरंड, खाजणाच्या बाजूला कमरेएवढं गवत. चाळीस कोयतेवाले लावले असते तर पंधरा दिवसांत गुपचूप उरकलं असतं. पण गुपचूप उरकेल ते आमच्या शेठना आवडायचं नाही.

त्यांनी परदेशातून जुन्या मालात एक यंत्र आणलं. पोकलेनच्या हाताला बकेटऐवजी ते लावायचं. लोखंडी रूळ, त्यावर ओळीनं दात, आणि रूळ फिरला की खाली येईल त्याचा भुगा. झाडाच्या शेंड्यावर टेकवायचं आणि दाबत दाबत बुंध्यापर्यंत आणायचं. कागदावर त्याचं नाव मल्चिंग हेड होतं. आमच्या माणसांनी पहिल्याच दिवशी त्याला खिसणी म्हणायला सुरुवात केली.

शेठ भेटेल त्याला सांगत, "एक फांदी उचलायला नको, ट्रक नको, जाळायला नको." मशीनशी रोजची झटापट मात्र माझ्या नशिबी होती. दगड लागला की दात तुटायचे. जुन्या कुंपणाची तार रुळात गुंडाळली की अर्धा दिवस ती सोडवण्यात जायचा. ऑइलचे पाइप तर फुटण्यासाठीच जन्माला आले होते. भुगा तोंडावर उडतो म्हणून ऑपरेटरच्या केबिनला दुहेरी जाळी ठोकली होती, त्यामुळे त्या बिचाऱ्याला समोरचं निम्मं दिसायचंच नाही. चौथ्या दिवशी मला त्या यंत्राचा आवाज झोपेतही यायला लागला होता.

बांधावरची काही मोठी झाडं ठेवायची होती. म्हणून मी सोपा नियम केला. ज्या झाडावर लाल गेरूची खूण असेल ते पाडायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी ब्रश हरवला. नवा मागितला तर शेठ म्हणाले, बघू. मग आमची माणसं गेरूच्या डब्यात हात बुडवून झाडावर सरळ पंजा उठवायला लागली. काम होत होतं, मीही काही बोललो नाही.

मंगळवारी शेजारच्या गावातल्या एक मावशी आल्या. ती जमीन एके काळी त्यांच्या सासऱ्यांचं शेत होती. बांधावर एक जुना उंबर होता, तो ठेवायच्या झाडांतला. त्यांच्या थोरल्या तिन्ही मुलींच्या लग्नात मांडवाची मेढ, म्हणजे मांडवात पहिली रोवतात ती फांदी, याच उंबराची होती. आता धाकटीचं लग्न होतं.

"परवा सकाली फांदी नेनार. झाड ऱ्हाईल ना, सायब?"

"राहील मावशी. माझी जबाबदारी," मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी त्या झाडाला आमंत्रण द्यायला आल्या. फांदी तोडायच्या आधी झाडाला तसं सांगावं लागतं. त्यांनी बुंध्याशी सुपारी ठेवली, अक्षता वाहिल्या, हळद लावली आणि ओल्या कुंकवात हात बुडवून बुंध्यावर ठसठशीत पंजा उठवला. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी दिलेली साखर मी खाल्ली. बरं वाटलं. आमच्या आजीची आठवणही झाली. फक्त डोक्यात जे यायला हवं होतं तेच आलं नाही.

गुरुवारी सकाळी शेठनी मला एक फाइल देऊन बेलापूरला पिटाळलं. साइटवर पोचायला दहा वाजले. उंबर होता तिथे लख्ख उजेड होता. खाली ओलसर भुग्याचा ढीग, त्यात बाभळीचा, घाणेरीचा, सगळ्यांचाच माल मिसळलेला. बोटाएवढी काडीसुद्धा शिल्लक नव्हती.

"लाल पंजा था, साब," ऑपरेटर म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

त्याच वेळी मावशी आल्या. बरोबर नवऱ्या मुलीचा मामा, हातात कोयता आणि पूजेचं ताट. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, ब्रशसकट. मामानं मला आणि माझ्या मशीनला अशा शिव्या घातल्या की मला उलट हलकं वाटलं.  मावशी ढिगाशी खाली बसल्या.

"मावशी, मी दुसरा उंबर शोधतो. सानपाड्याला आमच्या बिल्डिंगमागं आहे."

"त्याला कुनी बोलावलंय?" त्या मान वर न करता म्हणाल्या.

उंबराला चीक असतो. त्या एकेक तुकडा बोटांत दाबून बघत होत्या. चिकट लागला तर पदरात, नाही तर बाजूला. मीही शेजारी बसून निवडायला लागलो. थोड्या वेळानं ऑपरेटर मशीन बंद करून आला, मग शिव्या देत देत मामाही बसला. तासाभरानं पदर भरला.

संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं होतं. टाळायचं खूप मनात होतं, पण गेलो. दारात मांडवाचा बांबू रोवला होता आणि त्याला लाल कापडाची एक फुगीर पुरचुंडी बांधलेली होती. मी मागच्या बाजूला एक खुर्ची धरून बसलो. तेवढ्यात मावशी टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन सगळ्यांसमोर माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हे मामांना द्या," मी म्हणालो.

"ज्यानं मेढ तोडली त्याचा मान ऱ्हातो. या टायमाला तुमी तोडलीव."

टोमणा असता तर सोसला असता. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. होती ती रीत त्या पाळत होत्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान खाली घातली. त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर नीट बसवली. सकाळचा चीक त्यांच्या बोटांवरून अजून गेला नव्हता, दोन केस टोपीबरोबर ओढले गेले.