माजघरावरची चांदी

वादळात कौले उडाली तेव्हा मालवणच्या आमच्या घरावर मी पत्रे घातले. दर वर्षीची कौले परतण्याची मजुरी वाचेल असा माझा हिशेब होता. पावसाळ्यात तो बरोबर ठरला, पण एप्रिलमध्ये चुकला. दुपारी माजघरात बसवत नसे. पत्र्याखाली लाकडी माळा होता, तरी त्याच्या फळ्यासुद्धा हाताला गरम लागत.

आई दुपारी माजघरातच पडत असे. त्या वर्षी तिच्या हृदयाला त्रास झाला होता आणि डॉक्टरांनी उष्म्यापासून जपायला सांगितले होते. गावात वीज नुकतीच आली होती, म्हणून मी टेबलपंखा आणला. तो गरम हवाच फिरवी. मीटरची चकती वेगाने फिरू लागली की आई उठून पंखा बंद करी. मुंबईच्या थोरल्या भावाने कळवले, मे महिन्यात येतो आणि पाऊस लागण्याआधीच्या बोटीने आईला घेऊन जातो. त्या दिवशी आई नीट जेवली नाही.

वाण्याच्या दुकानापुढे पत्र्याच्या पडवीत चहाची रिकामी पेटी आडवी पडलेली असे. भर दुपारी वाण्याचे मांजर तिच्यात निजे. मांजर उगाच तापलेल्या जागी निजायचे नाही, म्हणून मी आत हात घालून पाहिला, तर आत गार होते. पेटीला आतून चंदेरी कागद होता. त्याला वाणी चांदी म्हणे. आरसा उजेड परतवतो तशी ही चांदी उष्णता परतवत असावी, असे मला वाटले. वाण्याने जुन्या पेट्यांची चांदी मला तशीच दिली.

आधी ती मी माळ्यावर, फळ्यांवर अंथरली. भिंतीवर उष्णतामापक टांगला होता. पारा थोडा उतरला, पण आठवड्याभरात पुन्हा चढला. वर जाऊन पाहतो तो नारळाच्या सोडणांचा भुसा आणि धूळ बसून चांदी मातकट झालेली. पत्र्याखाली वाशांना ठोकावी, तर माळा थंड होईल आणि आमसुले, सुकी मासळी यांना बुरशी धरेल म्हणून बायकोने नको म्हटले. मग मी चांदी झटकून फळ्यांना खालून ठोकली, चकाकी खाली करून; चकाकणारी बाजू उष्णता परतवते तशी स्वतःतून बाहेर टाकतही कमी असावी, असा माझा अंदाज होता. तिथे धूळ बसायचा प्रश्न नव्हता.

संध्याकाळी आईने वर पाहिले. घरात असा कागद लागे तो चतुर्थीला, गणपतीच्या मखराला.

"माझो गणपती करतंस काय रे?" ती म्हणाली. "मखरात बसवलंस. मगे विसर्जन खंय, मुंबयक?"

बायकोला हसू आले, मला आले नाही. आईने अंथरूण उचलून पडवीत नेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही ती तिथेच झळा खात पडली. उष्णतामापक माजघरात सहा अंश कमी दाखवत होता, पण माजघरात निजायला कोणी नव्हते.

तोड बायकोने काढली. वडिलांचा मचवा होता तेव्हाचे एक शीड माळ्यावर घडी करून पडले होते. ते तिने धुतले, आम्ही दोघांनी कापले आणि चांदीच्या खाली वीतभर अंतर सोडून ताणून बसवले. चांदी दिसेनाशी झाली. आईने बराच वेळ वर पाहिले, एका ठिगळाकडे बोट दाखवून ते आपण घातलेले असल्याचे सांगितले आणि अंथरूण आत आणायला लावले. पारा आणखी थोडा उतरला. पंखा आता संध्याकाळीच लागे आणि विजेचे बिलही निम्म्यावर आले.

भाऊ आला तो दोन बोटतिकिटांचे ठरवूनच. मी त्याला काही समजावले नाही. जेवण झाल्यावर त्याची चटई आईशेजारी घातली. तो बोलता बोलता झोपला. चहाच्या वेळी उठला तेव्हा त्याच्या बनियनला घाम नव्हता. उष्णतामापकाकडे त्याने पाहिलेही नाही. आईच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"आये, तू हंयच ऱ्हव," तो म्हणाला.

आईने उठून त्याच्यासाठी सोलकढीला नारळ काढला.

धक्क्यावर त्याला पोचवायला मी एकटा गेलो. ऊन फार होते, म्हणून आईला त्यानेच येऊ दिले नाही.